गाभण रेडा

फार फार वर्षांपूर्वी एका जंगलात सरकारी दवाखाना होता. तिथे साळिंदरबाई सगळ्यांचं रक्त तपासायची. सुईचा खर्च नव्हता, पाठीवरचा काटा उपटला की झालं. बाटल्यांवर नावं मात्र ती लिहीत नसे. म्हणायची, "माझ्या लक्षात राहतं."

एकदा पोटदुखीने हैराण झालेल्या रेड्याच्या कागदावर 'गाभण' असं आलं. रेडा लाजला आणि घरी जाऊन चिंचा मागू लागला. खरी गाभण होती हरिणी. तिला रेड्याचं जुलाबाचं औषध मिळालं आणि ती मरता मरता वाचली.

जंगल खवळलं. कोल्हेसाहेब तपासणीला आले, ओरडले आणि शिक्का मारून गेले. साळिंदरबाई इतकी घाबरली, की चुका दुप्पट झाल्या.

मग शेजारच्या जंगलातून घोरपडआत्या आली. तिने वीस वर्षं हेच काम केलं होतं.

"तुम्हीही ओरडा आता," साळिंदरबाई रडवेली होऊन म्हणाली.

"ओरडू कशाला? मी तर एकदा सिंहाला अंडी उबवायला सांगितलं होतं. सरक, शेजारी बसते."

आत्या तीन महिने शेजारी बसली. दोघी मिळून प्रत्येक बाटलीवर नाव लिहीत, चुकलं की पुन्हा तपासत.

एके दिवशी वाघोबाच्या नावाची चिठ्ठी बाटलीवरून गळून पडली. आत्याने मुद्दाम दुसरी बाटली पुसायला घेतली.

"महाराज, पुन्हा रक्त द्यावं लागेल," साळिंदरबाई म्हणाली.

"मी राजा आहे!" वाघोबा गरजला.

"हो, तेच लिहिते बाटलीवर. पंजा पुढे करा."

वाघोबाने डोळे घट्ट मिटून पंजा पुढे केला. आत्याने हसत आपली पिशवी उचलली आणि ती घरी निघाली.