एका पायाची एकचाकी

फार फार पूर्वी, गावांना वाटा होत्या पण वाटांना नावे नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी तर जरूर ऐकावी.

एका डोंगराळ राज्यात खेळ करून पोट भरणारी अकरा माणसांची एक टोळी होती. टोळीचा नाईक होता हैबती. तो ढोल वाजवी. त्याची धाकटी बहीण भिवरा एकचाकी चालवी. एकच चाक, त्यावर उंच दांडा, दांड्यावर इवलीशी बैठक, आणि चाकाच्या दोन्ही बाजूंना पाय मारायला एकेक खुंटी. त्यावर बसून, डोक्यावर पाण्याची घागर घेऊन भिवरा मैदानाला फेऱ्या मारी. लोक बाकीचे खेळ विसरत, भिवराची एकचाकी विसरत नसत.

एकदा नदी ओलांडताना टोळीची बैलगाडी कलंडली आणि भिवराचा डावा पाय तिच्याखाली सापडला. वैद्यबुवांनी तीन महिने लेप लावले. पाय वाचला, पण घोटा वाकडा जुळला.

"चालता येईल," वैद्यबुवा म्हणाले, "पण या पायानं जोर लावायचा नाही. पुन्हा मोडला तर माझ्यापाशी औषध नाही."

आता त्या राज्याचा एक नियम होता. सुगी संपली की प्रत्येक टोळीने राणीसमोर आपला मुख्य खेळ दाखवायचा. पसंत पडला, तर वर्षभर राज्यात फिरायची परवानगी. नाही पडला, तर टोळी मोडायची आणि ज्याने त्याने मिळेल ते काम धरायचे. त्या दिवसाला दोन महिने उरले होते.

"या वर्षी दोरीवरचा खेळ दाखवू," हैबती म्हणाला.

दोरीवरचा खेळ आणखी चार टोळ्यांकडे होता, आणि त्यांचा जास्त चांगला होता. हे हैबतीला माहीत होते आणि भिवरालाही. दुसऱ्या दिवशी पहाटे तिने एकचाकी उचलली आणि ती गावाबाहेरच्या खळ्यावर गेली. डावा पाय तिने दांड्याला टेकवून ठेवला आणि उजव्या पायाने जोर लावला.

चाक अर्धे फिरले आणि अडले. भिवरा खाली पडली.

ती पुन्हा बसली. पुन्हा पडली. पंधरा दिवस हेच चालले. कोपरे सोलवटली, उजवी पोटरी सुजून लाकडासारखी झाली. चाक काही अर्ध्या फेऱ्याच्या पुढे जाईना.

"भिवरे, पुरे कर आता," हैबती म्हणाला. "चांगला पायही घालवून बसशील."

"दादा, दोन पायांचं काम एका पायानं करायचं, तर दुप्पट जोर नको का लावायला? मीच कमी पडतेय."

हैबती मान हलवत परत फिरला.

खळ्याच्या कडेला चिंचेखाली एक म्हातारा धार लावणारा बसलेला असे. गावातले विळे, कोयते, सुऱ्या त्याच्याकडे येत. पायाखालची फळी तो एका पायाने दाबी, फळीला जोडलेला गोल दगड गरगर फिरे आणि पात्यावरून ठिणग्या उडत. पंधरा दिवस तो भिवराला पडताना पाहत होता. त्या दिवशी त्याने तिला हाक मारली.

"पोरी, इकडे ये. जरा बस इथं. हा दगड फिरव बघू."

भिवराने फळीवर पाय ठेवून दाबला. दगड अर्धा फिरला, अडला आणि उलटा आला.

"बघ," म्हातारा म्हणाला. "फळी खाली जाताना तू दाबतेस, ते बरोबर. पण ती वर यायला लागली तरी तू दाबतच असतेस. दगडाला वर आणायचीय फळी, आणि तू त्याच्याशी भांडतेस. तुझ्या त्या चाकाचंही तेच होतंय."

"पण बाबा, मी दाबलं नाही तर चाक थांबेल ना?"

"नाही थांबत. तू दिलेला जोर त्याच्यात असतो की शिल्लक. खाली जाताना दाब. वर येताना पाय नुसता ठेव, झोपलेल्या मांजरावर हात ठेवतो ना, तसा. मी चाळीस वर्षं एका पायानं दगड फिरवतोय. दुप्पट काम मी एक दिवसही केलं नाही."

भिवरा दुपारपर्यंत तिथेच बसली. आधी दगड सतरा वेळा उलटा फिरला. मग एकदा सुलटा फिरला, आणि फिरतच राहिला. म्हाताऱ्याने एकेक विळा पुढे धरला.

"नऊ विळ्यांना धार लावलीस तू," तो शेवटी म्हणाला. भिवरा हसली. पाय मोडल्यापासून ती पहिल्यांदाच हसत होती.

पण कानांनी ऐकलेले पायाला लगेच कळत नाही. एकचाकीवर बसल्यावर खुंटी वर यायला लागली, की भिवरा बिचके. त्या क्षणी आपण काहीच करत नाही आहोत, याचीच तिला भीती वाटे, आणि पाय आपोआप दाबला जाई. आणखी अकरा दिवस ती पडली. बाराव्या दिवशी तिने डोळे समोरच्या टेकडीवर ठेवले आणि पाय सैल सोडला. चाकाने तो अलगद वर नेला आणि पुन्हा तिच्या स्वाधीन केला. एक फेरा झाला. मग दुसरा. छातीवरचा दगड उतरावा, तसे तिला वाटले.

तिचे फेरे पाहून हैबतीने दोरीचा बेत सोडला. राणीसमोरच्या परीक्षेच्या दिवशी मैदान माणसांनी भरले होते. भिवराने घागर घेतली नाही. तिला नुसत्या तीन फेऱ्या मारायच्या होत्या. हैबतीने ढोल गळ्यात अडकवला आणि डोळे घट्ट मिटून वाजवू लागला. बहीण पडताना त्याला बघवले नसते.

मैदानाच्या एका कडेला थोडा चढ होता, आणि दुसऱ्या फेरीत तो जड गेला. चाक मंदावले. सगळे बळ एकवटून दाबावे, असे भिवराला फार वाटले. तिने खाली जातानाच जोर दिला आणि वर येताना वाट पाहिली. चाक हळूहळू चढले आणि पलीकडे उतरले. तिसरी फेरी संपवून ती राणीसमोर उतरली.

"दोन पायांचं काम एक पाय कसा करतो?" राणीने विचारले.

"करत नाही, राणीसाहेब. तो त्याचं एकट्याचंच काम करतो. उरलेलं चाक करतं."

राणीने मान डोलावली आणि टोळीला वर्षभराची परवानगी दिली.

हैबती अजून डोळे मिटून वाजवतच होता. भिवरा लंगडत त्याच्याजवळ गेली आणि तिने ढोलावर हात ठेवला.

"दादा, झालं. आता थांब."

त्याने डोळे उघडले. ती धुळीने माखली नव्हती, आपल्या पायांवर उभी होती. तो तिथेच मटकन खाली बसला आणि त्याने लांब श्वास सोडला.

तात्पर्य: आपल्या वाट्याचा जोर मनापासून लावावा, आणि तो लावून झाल्यावर सैल व्हायला भिऊ नये.