उलट्या टिंबांची सुलटी गोष्ट

जन्मापासून दृष्टी नसलेल्या हेमलता गायधनी शिक्षिकेच्या नोकरीसाठी मुलाखतीला गेल्या. त्याआधी दोन शाळांनी त्यांना दारातूनच परत पाठवलं होतं. समोर शिक्षणाधिकारी दाभाडेसाहेब बसले होते. आपल्याइतकं शहाणं जिल्ह्यात कुणी नाही, अशी त्यांची खात्री.

“लिहून दाखवा,” साहेबांनी फर्मावलं आणि चार वाक्यं सांगितली.

बाईंनी ब्रेलच्या पाटीत जाड कागद अडकवला आणि टोच्यानं टकटक टिंबं उमटवायला सुरुवात केली. साहेब खो खो हसले.

“अहो, तुम्ही तर उजवीकडून डावीकडे लिहिताय! उलटं लिहिणारी बाई मुलांना सुलटं काय शिकवणार?”

बाई शांतपणे म्हणाल्या, “साहेब, तुमच्या कचेरीचा शिक्का जरा हातात घेऊन बघा. त्यावरची अक्षरंही उलटीच कोरलेली असतात. पण कागदावर उमटली, की अख्खा जिल्हा ती सुलटी वाचतो आणि मुकाट्यानं मानतो.”

मग त्यांनी कागद पालथा केला आणि वर उठलेल्या टिंबांवरून डावीकडून उजवीकडे बोट फिरवत चारही वाक्यं अचूक वाचली.

साहेबांचा आवाज खाली आला. “सोमवारपासून रुजू व्हा, बाई,” ते म्हणाले, “आणि सवडीनं मलाही माझं नाव असं लिहायला शिकवा.”