कापलेला कोंब

कोकणातल्या आंबेरखोल गावी निवांत महाराजांचा मठ होता. मठाच्या दारात महाराजांनी स्वहस्ते एक भेरली माड लावला होता. नारळ नाही, सुपारी नाही, नुसती माशाच्या शेपटीसारख्या पानांची शोभा! तरी म्हातारी भागीरथी गुरवीण रोज ओढ्यावरून कळशी आणून त्याला घाली. तीच तिची महाराजांची सेवा.

गावचे खोत अनंतराव आंब्याचे मोठे बागाईतदार. मुलीच्या लग्नाच्या मांडवासाठी त्यांना त्या माडाचा अगदी मधला, कोवळा कोंब हवा होता. महाराज तेव्हा तीर्थयात्रेला गेलेले. भागीरथी हात जोडून आडवी आली.

"खोतानू, खालची पानां व्हयी तितकी न्हेवा. मधल्या कोंबाक हात लावू नकात. माडाक दुसरो कोंब येणा नाय."

"मला झाडं शिकवतेस?" खोत हसले. "शेंडा छाटला की झाड भरतं. माझी शंभर कलमं आहेत."

कोंब गेला. मांडवात तो दुपारपर्यंत कोमेजलासुद्धा. पुढे माडाची पानं एकेक करून गळू लागली, तरी भागीरथी पाणी घालतच राहिली. "मढ्याला पाणी पाजतेय," असं खोत चारचौघांत म्हणत. कलमाचं शहाणपण आपण माडाला लावलं, हे त्यांना कळून चुकलं होतं. पण कबूल करायला जीभ रेटेना.

शेवटचं पान गळालं त्या दिवशी भागीरथीने अंथरूण धरलं. त्याच दिवशी महाराज परतले. सगळा प्रकार ऐकून ते खोतांना एवढंच म्हणाले, "आज तिची कळशी तुम्ही आणा."

खोतांनी जन्मात कळशी उचलली नव्हती. चढणीवर ते दोनदा टेकले. सत्तरीची बाई हे रोज करत होती आणि आपण ओटीवर बसून हसत होतो! लाजेने त्यांची मान वर होईना. त्यांनी बुंध्याशी पाणी ओतलं. महाराजांनी माडावर हात ठेवला. आणि काय सांगावं! कापलेल्या जागेतून हिरवा कोंब वर आला.

खोत महाराजांच्या पायांवर पडले. महाराज मागे सरले. म्हणाले, "माझ्याकडे काय मागता? तिच्याकडे जा."

खोत धावत तिच्या खोपटात गेले. क्षमा मागायची होती, तोंडून एवढंच निघालं, "भागी, कोंब आलाय."

"महाराज इले ना? मगे तो येतलोच," ती हसली. "आता पाणी चुकवू नकात."

क्षमेचं उद्या बोलू, असं मनाशी म्हणत ते परतले. पहाटे भागीरथी गेली.

माड वाढला. खोडावर कापल्याची खाच मात्र राहिली. खोतांनी मरेपर्यंत एक दिवस पाणी चुकवलं नाही. कळशी रिकामी झाली की ते बुंध्याला डोकं टेकवीत आणि त्या दिवशी राहून गेलेली क्षमा मागत.