पन्नास हजारांचा शब्द

"…म्हणजे दिलेला शब्द पाळला, हाच माझा अपराध का, बुवा?"

दिगंबरराव नेहेत्यांनी प्रश्न केला आणि हातातले पाकीट चटईवर ठेवले. ठेवले म्हणण्यापेक्षा आपटले, असे म्हणणे अधिक योग्य.

समोर निरंजनगिरी बुवा अंबाडीची भाजी निवडत बसले होते. तापीकाठच्या त्या लहानशा मठात सकाळचे हे काम ते कोणाला करू देत नसत. त्यांनी पाकिटाकडे पाहिले, पण हात थांबवला नाही.

"काय आहे यात, साहेब?"

"पन्नास हजार रुपये. वहिनींनी परत पाठवले. पाकीट फोडलेसुद्धा नाही!"

दिगंबरराव आयकर खात्यातून मोठ्या पदावरून निवृत्त झाले होते. वयाची सत्तरी उलटली, तरी सदऱ्याच्या खिशाला पेन होते आणि आवाजात कचेरी होती. थोरले बंधू एकनाथ गेले, तेव्हा गावातल्या घरातला त्यांचा हिस्सा अनुसूया वहिनींनी धाकट्या दिरांच्या नावे करून दिला होता. त्या बदल्यात दिगंबररावांनी शब्द दिला होता, की वहिनी हयात असेपर्यंत दर वर्षी पन्नास हजार रुपये त्यांच्या हातात पडतील.

"पहिले पाकीट एक एप्रिल एकोणीसशे नव्याण्णवला दिले," ते म्हणाले. "तेव्हापासून सव्वीस पाकिटे झाली. एकही दिवस उशीर नाही, एकही रुपया कमी नाही. आणि या वर्षी हे असे!"

"काही निरोप?"

"निरोप कसला! सोमवारपासून त्या मंगल कार्यालयात खापरावरच्या पोळ्या करायला जाणार आहेत म्हणे. वय बहात्तर! चुलीच्या धगीपुढे उभे राहायचे हे वय आहे का? गावात माझे तोंड काळे करायचे, दुसरे काय? लोक म्हणतील, नेहेत्यांनी वहिनीला वाऱ्यावर सोडले."

बुवांनी एक जून देठ बाजूला टाकला.

"मग माझ्याकडे काय काम काढलेत?"

"आपण सांगितलेत, तर वहिनी शब्द मोडत नाहीत. एवढेच सांगा, की पाकीट घ्या आणि घरी बसा."

"बरे…" बुवा म्हणाले. "पण पन्नासच हजार का, साहेब? साठ का नाही? चाळीस का नाही?"

या प्रश्नाने दिगंबररावांची मान ताठ झाली. आपल्या विषयातला प्रश्न आला, की त्यांची मान अशीच ताठ होत असे.

"मी मनाला येईल तो आकडा धरत नाही, बुवा. त्या वर्षी आयकराची करमुक्त मर्यादा पन्नास हजार होती. म्हणजे सरकार स्वतःच सांगत होते, की एवढे माणसाच्या निर्वाहाला लागते, एवढ्याला आम्ही हात लावणार नाही. तोच आकडा मी वहिनींसाठी धरला. यापेक्षा न्याय्य माप दुसरे कोणते?"

"माप चांगले आहे." बुवांनी मान डोलावली. "मग सरकारनेही ते तसेच ठेवले असेल?"

"सरकार!" दिगंबरराव मोकळेपणाने हसले. "सरकारला कुठला आला शब्द! आपण कोणतेही वर्ष विचारा, मी दर सांगतो."

"तुमचे आवडते वर्ष सांगा."

"एकोणीसशे त्र्याहत्तर! अकरा टप्पे होते. सर्वांत वरच्या टप्प्यावर, अधिभार धरून, शंभर रुपयांतले पावणेअठ्ठ्याण्णव रुपये सरकारचे."

"आणि उरलेल्या सव्वादोन रुपयांत त्या श्रीमंताने काय करायचे?"

"वकील!"

बुवा खळखळून हसले. दिगंबररावांना आणखी चेव चढला.

"पुढच्याच वर्षी सत्त्याहत्तर. मग पन्नास, चाळीस, आणि शेवटी तीस. पगारदारांची प्रमाणित वजावट दोन हजार पाच साली काढून घेतली आणि तेरा वर्षांनी परत दिली. करमुक्त मर्यादेचे तर विचारूच नका. पन्नास हजारांची एक लाख, मग दीड, दोन, अडीच, तीन. आता नव्या पद्धतीत चार लाख. प्रत्येक अर्थसंकल्पात काहीतरी फिरवाफिरव! मी मात्र सव्वीस वर्षांत एका रुपयाने हललो नाही."

"पण सरकार एवढे हलते तरी का? तुमच्यासारखे स्वस्थ का बसत नाही?"

"स्वस्थ बसून कसे चालेल? महागाई वाढते, तिच्यामागे पगार वाढतात ना. मर्यादा तिथेच ठेवली, तर कर आपोआप वाढतो. दराला कोणी हात लावत नाही, कायद्यातला एक शब्द बदलत नाही, आणि तरीही माणसाच्या खिशातून दर वर्षी थोडे अधिक जाते. नव्या अधिकाऱ्यांना मी हे पहिल्याच तासाला शिकवत असे. वर्गात हमखास एखादा विचारायचा, 'सर, पण वाढवला कोणी?' मी म्हणायचो, 'कोणीही नाही. हीच तर यातली गंमत आहे.'"



निवडलेली भाजी बुवांनी परातीत सारली, गुडघ्यावर हात टेकून ते उठले आणि म्हणाले, "चला, तुमच्या दादांच्या झाडाला पाणी घालून येऊ."

मठाच्या मागे दहा-बारा झाडे होती. कोणी गेले, की घरच्यांनी त्याच्या नावे एक झाड लावायचे आणि बुंध्याला तारेने नावाची पाटी बांधायची, अशी तिथली रीत होती. एकनाथरावांचा कडुनिंब दिगंबररावांनी स्वतः लावला होता. त्याचा बुंधा मनगटाएवढा झाल्यावर पाटीही त्यांनीच बांधली होती.

"पाहा!" झाडाशी पोचताच ते म्हणाले. "इतरांच्या पाट्या केव्हाच गळून पडल्या. माझी जागची हललेली नाही. तीन वेढे, वर पक्कडीने पीळ. मी काम करतो, ते असे."

"खरे आहे," बुवा म्हणाले. "तारेखाली जरा बोट घाला."

"का?"

"घालून तर पाहा."

दिगंबररावांनी तर्जनी पुढे केली. तार दिसत नव्हती. त्यांनी चष्मा सारखा केला. खोड वरून फुगले होते, खालून फुगले होते आणि मधोमध एक खोल खाच गोल फिरली होती. तार त्या खाचेच्या पोटात कुठेतरी होती. पाटीची उजवी कड सालीने गिळली होती. एकनाथ या नावातली पहिली दोनच अक्षरे बाहेर उरली होती.

"बांधताना…" ते अडखळले. "बांधताना मी दोन बोटे जागा ठेवली होती. मला पक्के आठवते."

"ठेवली असणारच. तुम्ही मोजूनमापून करणारे."

"मग ही तार…"

"कोणी आवळली, साहेब?"

दिगंबररावांनी तोंड उघडले. उत्तर ओठांवर तयार होते. वर्षानुवर्षे वर्गात दिलेले उत्तर…

ते त्यांनी दिले नाही.

बराच वेळ ते खाचेवरून बोट फिरवत राहिले. बुवांनी आळ्यात पाणी ओतले. माती सावकाश भिजत गेली.

"अनुसूयाबाईंनी या सव्वीस वर्षांत कधी तक्रार केली?" बुवांनी विचारले.

"कधीच नाही."

"झाडानेही केली नाही."

मग दिगंबररावांनी खांदे मागे घेतले, घसा साफ केला आणि खिशातले पेन काढले. चूक ध्यानात आली, की ती तिथल्या तिथे दुरुस्त करायची, ही त्यांची नोकरीतली शिस्त होती.

"माझी चूक झाली, बुवा. स्पष्ट शब्दांत मान्य करतो. माप मी सरकारचे घेतले, पण सरकारने माप बदलले, तेव्हा मी बदलले नाही. आता हिशेब सोपा आहे. चालू मर्यादा चार लाख, म्हणून वर्षाला चार लाख. मागचा फरकही काढतो, वर्षवार तक्ता करतो. सोमवारच्या आत पैसे पोचतील. आपण फक्त वहिनींना निरोप द्या, की सुधारित रक्कम येते आहे."

"त्यांना चार लाख लागतात?"

"लागतात म्हणजे… मर्यादाच तेवढी आहे."

"त्यांचे औषध कितीचे येते? घरभाडे किती आहे?"

एकोणीसशे त्र्याहत्तरचे अकरा टप्पे तोंडपाठ असलेल्या माणसाजवळ या दोन प्रश्नांची उत्तरे नव्हती.

"अर्थसंकल्प मांडण्यापूर्वी लोकांचे म्हणणे मागवतात, असे ऐकतो," बुवा म्हणाले.

"मागवतात. निवेदनांचे गठ्ठे येतात. वाचतो कोण!" दिगंबरराव सवयीने बोलून गेले आणि लगेच ओशाळले.

"वहिनींच्या घरी शेवटचे कधी जेवलात?"

"जेवलो…?" त्यांनी आठवून पाहिले. "मी पाकीट दारातच देतो, बुवा. त्या 'आत या' म्हणतात. दर वेळी म्हणतात. पण एक एप्रिल म्हणजे आमच्या खात्यात नव्या वर्षाचा पहिला दिवस. घाई असायची."

"निवृत्त होऊन किती वर्षे झाली?"

"…बारा."

बुवांनी रिकामी बादली उचलली.

"आज जा."

"असाच? आणि पाकीट?"

"पाकीट माझ्या चटईवर राहील."

"रिकाम्या हाताने जाऊन त्यांना सांगू काय?"

"भूक लागली आहे, असे सांगा."

दिगंबरराव पेन हातात धरून उभेच राहिले. टोपण अजून काढलेलेच होते. आकडा लिहिल्यावाचून पेन खिशात घालण्याची त्यांना सवय नव्हती.

"पण बुवा, रक्कम? नवी रक्कम ठरवायची कशी?"

बुवा मठाकडे वळले होते. ते थांबले.

"वहिनी तुम्हांला आधी वाढतील. तुमचे जेवण झाले, तरी हात धुवायला उठू नका. त्या स्वतःच्या पानात काय वाढून घेतात, ते दिसेपर्यंत बसून राहा."