वरचा विस्तव

फार मागची गोष्ट. इतकी मागची, की तेव्हा डोंगर अजून वाढीच्या वयात होते आणि दर पावसाळ्यानंतर बोटभर उंच झालेले दिसत. अशाच एका वाढत्या डोंगरावर एक गड होता, गडावर एक राणी होती आणि पायथ्याशी एक गाव होतं. गाव एवढंसं, पण तिथले आंबे असे गोड, की मुंग्या झाडावर चढताना ओळीत चढत आणि उतरताना लोळत उतरत. खोटं वाटत असेल तर मुंग्यांना विचारा.

त्या गावात आंब्याचं धोंडस करत. करायला सोपं. टोपात केळीचं पान अंथरायचं, त्यावर पिकल्या आंब्याच्या फोडी आणि मूठभर करवंदं पसरायची. तांदळाचा रवा तुपावर भाजून, गूळ-खोबऱ्यात कालवून त्याचा जाड थर वर थापायचा. मग टोप चुलीवर ठेवायचा आणि झाकणावरही निखारे रचायचे. खालच्या विस्तवावर फळं रटरटतात, वरच्या विस्तवावर रवा खरपूस होतो. झालं धोंडस. सोपं म्हटलं ना? पण गावात एक रीत होती. खालचा विस्तव आपल्या चुलीतला आणि वरचा विस्तव शेजारणीच्या चुलीतला. का, ते कोणी विचारत नसे. रीतच ती, तिला का कोण विचारणार? ज्या शेजारणीचा विस्तव, तिला धोंडसाची पहिली वडी.

दर उन्हाळ्यात गावातलं एक धोंडस राणीसाठी गडावर जाई. आणि ते जाई द्वारकेचं.

ही द्वारका हाताची सुगरण, जिभेची तिखट, आणि एकटी. नवरा कधीच गेला होता. मूलबाळ नव्हतं. त्या गावात बाईला तिच्या लेकराच्या नावानं हाक मारत, अमक्याची आई, तमकीची आई. द्वारकेला कोणाची आई म्हणणार? म्हणून तिचं नाव धोंडसावर चालायचं. "कोण द्वारका?" असं कोणी विचारलं, की लोक म्हणत, "ती गो, धोंडसवाली." तेवढं ऐकलं की द्वारकेला सबंध दिवस जेवलं नाही तरी चाले.

तिच्या शेजारी, कमरेएवढ्या दगडी गडग्यापलीकडे, कोंडाबाई राहायची. म्हातारी, वाकलेली, तीही एकटीच. धोंडसाच्या सकाळी द्वारका खापर घेऊन गडगा ओलांडायची.

"आली का कोळसेचोर?" कोंडाबाई आतूनच विचारायची.

"मावशी, चोर काय विचारून येतो होय?"

"विचारून येणारा चोर जास्त वाईट. बस. आधी ती घागर उतरव, माझा हात वर जात नाही."

द्वारका घागर उतरवायची. मग म्हातारीच्या टाचेतला काटा निघायचा, मग दाराची निसटलेली कडी बसवून व्हायची, मग गावातल्या सगळ्या सुनांची उणीदुणी व्हायची. खापरात निखारे पडेपर्यंत ऊन अंगणभर पसरलेलं असायचं. "चार निखाऱ्यांसाठी अर्धी सकाळ खाते ही," असं पुटपुटत द्वारका परतायची.

असं चाललं होतं. आणि चालत राहिलं असतं. पण एका उन्हाळ्यात काय झालं, गडावर द्वारकेनं टोप उतरवला आणि भालदारानं नेहमीसारखी आरोळी दिली, "द्वारकेचं धोंडस! कोंडाबाईच्या विस्तवाचं!" ही आरोळीही रीतीतलीच. राणीनं वडी तोडली. खरपूस थर दाताखाली कुरकुरला. राणीचे डोळे मिटले. उघडले तेव्हा तिनं विचारलं,

"वरचा विस्तव कोणाचा म्हणालात?"

"कोंडाबाईचा, सरकार."

"वा! खरी चव या वरच्या थरात आहे. त्या बाईला आमच्याकडून एक लुगडं द्या. आणि हो, हिलाही एक."

हिलाही एक!

द्वारका दोन लुगडी घेऊन गड उतरली. वाटेत तिनं ती दोन्ही उलगडून शेजारी शेजारी धरली. कोंडाबाईच्या लुगड्याचा काठ रुंद होता. आता राणीच्या कपड्यांच्या कोठीवरच्या जामदाराला कुठला काठ कुठे आणि कशाला, याच्याशी काय घेणंदेणं? हाताला आलं ते दिलं. पण द्वारकेनं काठ मोजला नाही, तिनं अपमान मोजला.

"आंबे माझे," ती रस्त्यातल्या दगडांना सांगत निघाली, "गूळ माझा, भाजताना पोळले ते हात माझे. हिचं काय? चार कोळसे! आणि राणी विचारते, वरचा विस्तव कोणाचा!"

दगड काही बोलले नाहीत. दगड शहाणे असतात.

कोंडाबाईनं लुगडं हातात घेतलं आणि ती खदखदून हसली. "अगो, चार कोळशांना लुगडं? पुढच्या साली आठ देते. मग राणी मला पालखी धाडेल."

थट्टा होती ती. पण ज्याला आधीच ठेच लागलीय, त्याला फूलही लागतं. द्वारका तोंड फिरवून गडग्याअलीकडे आली आणि त्या सालात पुन्हा पलीकडे गेली नाही. कोंडाबाई अंगणातून हाका मारायची, "काय गो, जीभ आंब्यात घालून ठेवलीस का?" द्वारका ऐकून न ऐकल्यासारखं करायची. मनात एकच घोकायची, येत्या साली आरोळी होईल ती नुसत्या द्वारकेची. दुसरं नाव त्यात असणार नाही.

साल फिरलं. धोंडसाची सकाळ आली.

द्वारका उजाडताच अंगणात आली आणि सवयीनं तिची नजर गडग्यापलीकडे गेली. कोंडाबाईच्या छपरावर धूर नव्हता.

ती थबकली. म्हातारी कोंबड्याच्या आधी चूल फुंकणारी. गावातले कोंबडे तिचा धूर पाहून आरवत, असं लोक म्हणत. आणि आज धूर नाही? क्षणभर द्वारकेचं पाऊल गडग्याकडे वळलंसुद्धा. मग तिला एकदम उलगडा झाला. म्हणजे उलगडा झाला असं वाटलं.

"अस्सं!" ती कमरेवर हात ठेवून म्हणाली. "मुद्दाम चूल विझवून बसलीय! मी खापर घेऊन जावं, आणि हिनं म्हणावं, विस्तव नाही गो आज माझ्याकडे, जा आता घरोघर भीक मागत. लुगडं मिळालं ना, आता मिजास आलीय!"

पाऊल मागे आलं. द्वारकेनं आपल्याच चुलीतली जाड लाकडं ओढली, त्यांचे निखारे पाडले आणि चिमट्यानं टोपाच्या झाकणावर रचले. वरही आपला विस्तव, खालीही आपला.

आता तुम्ही म्हणाल, धोंडस करपलं असणार. रीत मोडली, देव कोपला, टोपातून काळा धूर निघाला. छे! गोष्ट सांगणाऱ्यालाही तसंच व्हायला हवं होतं, पण तसं झालं नाही. धोंडस फार सुरेख झालं. फोडी लुसलुशीत, थर खरपूस, वास असा, की वरचा वाढता डोंगरसुद्धा जरा वाकून बघायला लागला. तिथेच घात झाला.

द्वारका टोप डोक्यावर घेऊन गड चढली. भालदारानं विचारलं, "वरचा विस्तव?"

"माझाच."

भालदारानं भुवया चढवल्या, पण आरोळी दिली. "द्वारकेचं धोंडस! द्वारकेच्याच विस्तवाचं!"

ती आरोळी कड्यांवर आपटून परत आली. द्वारकेनं डोळे मिटून ती अंगभर घेतली. एका सालाची भूक होती, भागली.

राणीनं वडी खाल्ली. मान हलवली. म्हणाली, "छान. गेल्या सालासारखंच झालंय."

एवढंच. आणि ती दुसऱ्या कशाकडे तरी वळली.

द्वारका गावात शिरली तेव्हा उन्हं उतरली होती. कोंडाबाईच्या अंगणात माणसं उभी होती. द्वारकेला वाटलं, म्हातारीनं तमाशा मांडलाय, गावाला जमवून रीत मोडल्याची फिर्याद करतेय. ती तयारीनंच पुढे झाली.

"काय झालं? माझ्या धोंडसाचा न्याय चाललाय का?"

मग कुंभारीण पुढे आली. हीच दुपारी उसनं सूप परत द्यायला कोंडाबाईकडे गेली होती.

"म्हातारी गेली, द्वारके."

"कुठे?"

"कुठे काय? गेली. पहाटे चूल फुंकायला उठली आणि घसरून पडली. चुलीच्या वैलाचा कोपरा लागला डोक्याला. दुपारपर्यंत रक्त जात होतं. मी गेले तेव्हा जरा धुगधुगी होती."

द्वारकेच्या डोक्यावर रिकामा टोप होता. तो तिनं तसाच धरून ठेवला.

वैद्य दाराशी हात धूत होता. तो म्हणाला, "खोक काही मरणाची नव्हती. सकाळी कोणी नुसती चिंधी आवळून बांधली असती तरी पुरतं."

"मग तिनं ओरडायचं नाही का!" द्वारका एकदम किंचाळली. "कमरेएवढा तर गडगा आहे. हाक मारायची नाही का मला?"

"मी तेच विचारलं तिला," कुंभारीण म्हणाली. "म्हणाली, हाक कशाला, आज धोंडस आहे. विस्तवाला येईलच ती."

कुंभारणीनं गडग्याकडे बोट दाखवलं.

"तुझं अंगण हे इथे," कुंभारीण हळूच म्हणाली. "सकाळी धूर नव्हता, ते दिसलं नाही तुला?"

"दिसलं."

"मग?"

द्वारकेनं टोप डोक्यावरून उतरवला. "वाटलं, रुसलीय."

गावानं तिला काही केलं नाही. कोणी वाळीत टाकलं नाही, कोणी दगड मारला नाही. उलट पुढच्या साली गावातल्या बायकांनी आपसांत म्हटलं, "द्वारकेचं धोंडस एकाच चुलीवर झालं की! राणीनं खाल्लंसुद्धा. मग उगाच दुसऱ्याच्या दारात कशाला तिष्ठायचं, आणि पहिली वडी तरी का द्यायची?" एकीनं वरचा विस्तव आपलाच घातला, मग दुसरीनं, मग सगळ्यांनी. धोंडसं सगळ्यांची उत्तम झाली. रीत मेली, आणि तिच्यासाठी कोणी रडलंही नाही.

एकट्या द्वारकेनं तेव्हापासून वरचा विस्तव आपल्या चुलीतला घातला नाही. धोंडसाच्या सकाळी ती खापर घेऊन दारोदार फिरायची. बायका म्हणायच्या, "आता कोण मागतं गो विस्तव? तूच तर दाखवलंस, लागत नाही म्हणून." तरी द्यायच्या. उंबऱ्याच्या आतूनच चिमट्यानं खापरात टाकायच्या आणि कामाला लागायच्या. बस म्हणायला कोणाला वेळ नव्हता. द्वारका उंबऱ्यावर जरा रेंगाळायची, "घागर उतरवून देऊ का?" असं विचारायची. आतून उत्तर यायचं, "नको. उतरवली."

मग ती निखारे सांभाळत घरी यायची, धोंडस करायची आणि पहिली वडी काढून पानावर ठेवायची. ती वडी संध्याकाळपर्यंत तिथेच असायची. मुंग्यांनासुद्धा ती नको असे.

बोध: ज्याच्या दारी मागायला जाणं थांबतं, त्याच्या दारी बघायला जाणंही थांबतं.