पाळण्याचा चौथा चरण

बोरीच्या ओढ्याकाठी बोरीकुंड नावाचे लहानसे गाव होते. रामाच्या देवळासमोर कडुलिंबाचा पार, आणि त्या पारावर लिंबोबा महाराजांची बैठक. महाराज कुठून आले, कोणाचे कोण, हे गावाला ठाऊक नव्हते आणि गावाने विचारलेही नाही. सावलीला बसणारा कधी झाडाचे गोत्र विचारतो का?

त्याच गावात ठकूबाई राहत असे. जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवून पोट भरणारी एकटी बाई. तिचे एकुलते मूल अंगावर पीत असतानाच गेले, पाठोपाठ धनीही गेला. पण माया काही गेली नाही हो! ती ठेवावी कुठे? ठकूबाईने ती रामावर ठेवली. दर रामनवमीला देवाच्या पाळण्यात अंथरायचे दुपटे तीच शिवी, आणि शिवताना गुणगुणता गुणगुणता तिचा एक पाळणा तयार झाला. तो एकदा देवाच्या कानावर घालावा, एवढीच तिची इच्छा होती.

एका चैत्रात धीर करून ती पारावर गेली आणि महाराजांना तसे म्हणाली. तिथे धुंडिराजशास्त्री बसले होते. दरवर्षीचा पाळणा शास्त्रीबुवांनीच रचायचा, असा गावचा रिवाज. माणूस मनाने वाईट नव्हे, पण विद्येचा ताठा असा, की कोणी ‘राम राम’ म्हटले तरी हे मात्रा मोजत.

"म्हण पाहू," महाराज म्हणाले.

ठकूबाईने पदर सावरला, डोळे मिटले.

पाळण्यात तुझ्या, देवा,
जुन्या लुगड्याची घडी,
रुतते का रे अंगाला?

आणि ती थांबली.

"पुढे?" शास्त्रीबुवांनी विचारले.

"पुढं काई न्हाई, शास्त्रीबुवा. म्या इचारते न् थांबते."

"कशासाठी?"

"तो काय म्हनतो ते ऐकाया."

शास्त्रीबुवा पोट धरून हसले. "अगं बाई, ओवी घे, अभंग घे, आर्या घे, श्लोक घे. चरण चार लागतात. तुझे तीनच! तीन खुरांची खाट ही, देव पडेल ना खाली. यमक नाही, अनुप्रास नाही, उपमा तर औषधालाही नाही. वात्सल्यरस आहे म्हणशील, तर रस ठेवायला भांडं नको का? तू आपल्या गोधड्या शिव."

पारावरची मंडळीही हसली. ठकूबाई मान खाली घालून उठली. तिचे डोळे भरून आले होते.

महाराज तेवढे हसले नाहीत. म्हणाले, "शास्त्रीबुवा, सगळ्या ओळी आपणच भरल्या तर देवाने बसायचं कुठं? ठकू, नवमीला देवळात ये हो."

बोरीकुंडची एक जुनी चाल होती. रामजन्माच्या वेळी गावात सर्वांत अलीकडे जन्मलेले मूल रामाच्या मूर्तीशेजारी, त्याच पाळण्यात निजवायचे. त्या वर्षी तो मान शास्त्रीबुवांच्याच नातवाला आला. मग काय विचारता! शास्त्रीबुवांनी शार्दूलविक्रीडितात असा लांबलचक पाळणा रचला, की अलंकारांच्या ओझ्याने दोरीच तुटावी.

नवमी उजाडली. माध्यान्ही गुलाल उधळला, घंटा घणघणल्या, आणि शास्त्रीबुवांनी खड्या आवाजात सुरुवात केली. ऊन रणरणते, देवळात मुंगीला वाट नाही. दोन श्लोक होतात न होतात तोच बाळ रडू लागले.

"मामंजी, उचलू का त्याला?" सून वेणू काकुळतीला आली.

शास्त्रीबुवांनी हातानेच नको म्हटले. पाळणा अर्धवट सोडला तर तो दोष बाळाला लागतो, असे त्यांनी मनाशी पक्के धरले होते. त्यांनी आवाज चढवला. बाळानेही चढवला. आणि मग एकाएकी त्याचे रडणे अडकले. तोंड उघडे, मुठी आवळलेल्या, ओठ निळे. श्वास येईना.

शास्त्रीबुवांचा श्लोक अर्ध्यातच तुटला. कोणी पाणी शिंपडले, कोणी टाळूवर फुंकर घातली, कोणी तळपाय चोळले. बाळ हलेना. वेणू खांबाला धरून खाली बसली.

महाराज गर्दीतून पुढे आले. "ठकू," त्यांनी हाक मारली.

ती दाराशी, जोड्यांपाशी उभी होती. लोकांनी वाट दिली. पाळण्यापाशी येऊन तिने आत पाहिले. असेच निळे ओठ तिने एकदा आपल्या मांडीवर पाहिले होते.

"महाराज, माझा पाळणा अर्धा हाय."

"म्हणूनच म्हण, बाई."

तिने दोरी हातात घेतली. पहिले कडवे म्हटले आणि थांबली. कुठूनच काही नाही. तिने दुसरे धरले.

ऊन आले उंबऱ्यात,
आड धरला पदर,
पुरतो का रे, राजा?

पुन्हा थांबली. पुन्हा काही नाही. जन्मभर शब्दांची खैरात करणारे शास्त्रीबुवा हात जोडून उभे होते, आणि त्यांना एक शब्द सुचत नव्हता. ठकूबाई पाळण्यावर ओणवली.

आई उभी तुझ्यापाशी,
दोरी आहे माझ्या हाती,
येतोस ना रे, माघारी?

सारे देऊळ चिडीचूप झाले. आणि त्या रिकाम्या जागेत पाळण्यातून उमटले, "हूं."

गोष्ट ऐकणारे मूल जसा हुंकार देते ना, अगदी तसा! जवळच्या बायांनी पाहिले, बाळाचे ओठ तेव्हा हललेच नव्हते. हुंकार आला तो शेजारून, जिथे रामाची इवलीशी मूर्ती निजली होती. आणि त्याला जोडूनच बाळाने लांब श्वास ओढला व असा टाहो फोडला की कळसावरची पाखरे उडाली. वेणूने त्याला उराशी धरले, आणि सगळे देऊळ तिच्याबरोबर रडले.

शास्त्रीबुवा महाराजांच्या पायांवर कोसळले. महाराजांनी पाय मागे घेतले.

"आम्ही काय केलं? ओळ हिने मोकळी ठेवली. ज्याची होती त्याने भरली."

तेव्हा शास्त्रीबुवा ठकूबाईकडे वळले. ती लाजून मागे सरली. "अवं, आदी पोराला घ्या की."

"ठकूबाई," ते म्हणाले, "चरण मोजता मोजता नातवाचा श्वास मोजायचा राहिला गं. तुझा पाळणा मला शिकव."

पुढल्या नवमीला शास्त्रीबुवांनीच तो म्हटला. दोरी ठकूबाईच्या हाती आणि नातू तिच्या कडेवर. तिसऱ्या ओळीनंतर एखादे सुरेख यमक शास्त्रीबुवांच्या जिभेवर येई, पण ते ओठ मिटून घेत, पाळण्यासमोर मस्तक टेकवत, आणि ऐकत राहत.