नाही म्हणणारी शेळी

पेरूच्या बागेला लागून एक इवलीशी झोपडी होती, आणि त्या झोपडीत शेवंती, तिची आई आणि धाकटा बंड्या राहायचे. आई बागेत पेरू तोडायची. दुपारच्या जेवणाला तिघांत मिळून एकच भाकरी असायची. घरची भुरी शेळी म्हातारी होऊन आटली होती, त्यामुळे बंड्या रिकामी वाटी जमिनीवर आपटत दिवसभर ओरडायचा, "दुदू!" शेवंती त्याच्या वाटीत पाणी ओतायची. दुसरं करणार काय?

एका सकाळी बागेत गुलाबी उजेड पडला. पोपट भांडायचे थांबले आणि आसपासची मुलं धावत आली. पेरूच्या फांदीवर बोटभर उंचीची एक परी बसली होती. तिचे पंख चंदेरी, झगा कोवळ्या पानाच्या रंगाचा आणि गळ्यात मोत्यांची नाजूक माळ. बिचारी या कामावर नवीनच होती.

"मुलांनो, ज्याचं मन दयाळू त्याची एक इच्छा मी पुरी करणार," ती म्हणाली. "नियम सोपा आहे. मी प्रश्न विचारीन. उत्तर आवडलं की माझ्या माळेतला एक मोती उजळतो. दारात भुकेला पाहुणा आला, तर आपल्या घासातला घास त्याला द्याल?"

"हो तर!" बागेच्या मालकाचा हणमू पुढे सरसावला. "घास कशाला? अख्खं ताट देईन. वर दही!"

"मी तर भरवीनसुद्धा!" शेजारची सुलू म्हणाली.

झगमग झगमग! मोती उजळले. हणमूने कधीही न संपणारा लाडवांचा डबा मागितला. सुलूने सोन्याचा झोपाळा मागितला. परीने खूश होऊन दोन्ही लगेच देऊन टाकलं.

"आणि तू गं, शेवंती?"

शेवंतीने जरा विचार केला. "मी नाही देणार. भाकरी एकच असते, परीताई. पाहुण्याला सांगेन, दुसरं घर बघा."

मोती कोळशासारखा काळा पडला. "अगं बाई! असं तोंडावर बोलतात का?"

"तुम्हीच विचारलंत ना?" शेवंती म्हणाली. तिला दुभती शेळी मागायची होती. पण आता कोण विचारतंय? फ्रॉकला डोळे पुसत ती घरी गेली.

प्रश्न विचारून विचारून परीला कडकडून भूक लागली. त्यात दुपारच्या उन्हात पऱ्यांची चमक विरते, आणि परी धुळकट पायांची साधी म्हातारी दिसू लागते. तिला काळजी नव्हती. दोन घरांतून जेवणाचं आमंत्रणच होतं की!

हणमू दारातच भेटला. "या या आजी! अरेरे, आत्ताच जेवणं उरकली हो. पुढच्या वेळी मात्र जेवूनच जायचं हं!" त्याच्या गालात लाडू होता.

सुलूने खिडकीतून डोकावून सांगितलं, "आई घरी नाहीये. आणि मीही घरी नाहीये!"

परी रडकुंडीला आली. पाय ओढत ती झोपडीपाशी पोचली.

"आमच्याकडे काही नाही, आजी. पुढे व्हा," शेवंती म्हणाली. मग तिला ते धुळकट पाय दिसले. "बरं, पाणी तरी प्या. बसा सावलीत." मग तिने भाकरीचा तुकडा मोडला. "एवढाच हं!" मग त्यावर चटणी ठेवली. "कोरडी कशी खाल? पण आता याउपर मागू नका." असं रागावत रागावत तिने आपला अख्खा वाटा म्हातारीला वाढला. बंड्यानेही आपला चोखलेला तुकडा पुढे केला. परीने तोही गोड मानून खाल्ला.

शेवटच्या घासाबरोबर झोपडी गुलाबी उजेडाने भरून गेली! पंख फडफडले आणि काळा मोती सगळ्यांहून लख्ख उजळला.

"मी नुसतं तोंडाला विचारत बसले," परी कपाळाला हात लावून म्हणाली. "हाताला विचारायचं राहूनच गेलं!"

"मग हणमूच्या लाडवांचं काय?" शेवंतीने विचारलं.

"दिलेलं परत घेता येत नाही. पण मागितलेली वस्तू मागणाऱ्याच्या वळणावर जाते, हाही नियमच आहे."

तेवढ्यात बागेपलीकडून हणमूची किंकाळी ऐकू आली. डब्यातला लाडू "या या, खा ना!" म्हणत होता आणि हात पुढे केला की "पुढच्या वेळी नक्की!" म्हणत कपाटाखाली पळत होता. सुलूचा झोपाळा तर "मी घरी नाहीये" म्हणून आढ्याला जाऊन बसला.

परी खुदकन हसली. शेवंतीने दुभती शेळी मागताच तिने माळ हलवली, आणि अंगणात पांढरीशुभ्र शेळी उभी राहिली. गळ्यात चिमुकली घंटा, कपाळावर सोनेरी चांदणी. आई नुकतीच बागेतून आली होती. ती चरवी घेऊन धावली.

"नाही देणार!" शेळी शिंगं उगारून म्हणाली. "सांगून ठेवते, एक थेंबसुद्धा नाही!"

आणि चरवी फेसाळत काठोकाठ भरली.

परी हसत हसत उजेडात उंच उंच गेली, पेरूच्या पानांवर चमचमली आणि दिसेनाशी झाली.

"उद्या देशील ना गं?" शेवंतीने शेळीला विचारलं.

"मुळीच नाही!"

बंड्याने मात्र आपली वाटी आधीच पुढे धरली होती.